घर, तळें आणि साप

श्रावण सरूं लागला कीं कोंकणांतील घरें भरूं लागतात. मुंबई-पुण्यास असलेलीं मुलें-नातवंडें गणपतीसाठीं गांवीं येतात, आणि एरवीं दोन म्हाताऱ्या माणसांनीं जागतें ठेवलेलें घर एकाएकीं गजबजून जातें. अंगणांत चिखल, गडग्यावर शेवाळ, परसांत गुडघाभर गवत आणि त्यापलीकडे कांठोकांठ भरलेलें तळें, असा तो काळ असतो. अशा दिवसांत तळ्यावर गेलेलें एखादें मूल "साप! साप!" असें ओरडत परत येतें, आणि घरांतील कर्तीं माणसें काठ्या घेऊन धांवतात. पाण्यांतून डोकें वर काढून बेडकाचा माग घेणारी दिवड ठेंचली जाते, आणि एक संकट टळलें अशा समाधानानें सारे माघारी येतात. त्याच रात्रीं पाहुण्यांच्या गर्दीमुळें माजघरांत आणि पडवींत जमिनीवरच अंथरुणें पडतात. मच्छरदाण्या पुरत नाहींत. दिवे मालवले जातात. खरें संकट, आलेंच तर, त्यानंतर येतें. कसलाहि आवाज न करतां, भिंतीच्या कडेकडेनें.

तळ्यांतील दिवड बिनविषारी असते. रात्रीं अंथरुणाशीं येणारा मण्यार हा मात्र भारतांतील अत्यंत जहाल विषाच्या सापांपैकीं एक आहे. पहिलीला माणसें भितात, कारण ती दिसते. दुसऱ्याचा विचारहि त्यांच्या मनांत येत नाहीं, कारण तो दिसत नाहीं. खेड्यांतील घराभोंवतीं साप असणें ही निसर्गक्रमांतील साधी गोष्ट आहे. भीतीची जागा चुकणें ही मात्र जिवावर बेतणारी गोष्ट आहे.

भारतांत सापांच्या ३०० हून अधिक जाति आढळतात. त्यांपैकीं विषारी अशा सुमारें ६०, आणि त्यांतीलहि पुष्कळशा समुद्रांत किंवा दाट अरण्यांत राहणाऱ्या. महाराष्ट्रांतील घराशेतांजवळ माणसाच्या मृत्यूस कारण होणारे साप मुख्यतः चारच: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें. तरीहि २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० बळी पडले, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणींत देण्यांत आला. या मृत्यूंपैकीं बहुतेक खेड्यापाड्यांतले, आणि सुमारें निम्मे जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या चार महिन्यांतले. गणपतीसाठीं शहरांतील माणूस गांवीं जातो तो नेमका याच काळांत.

साप घराजवळ येतो तो माणसाच्या शोधार्थ नव्हे. ज्याच्या शोधार्थ तो येतो, तें भक्ष्य बहुधा माणसानेंच जमवून ठेवलेलें असतें. कणगींत भात आलें कीं उंदीर आले, आणि उंदीर आले कीं धामण, नाग व घोणस यांना निमंत्रण गेलें. ओसरीवर दिवा लागला कीं किडे जमतात. किड्यांसाठीं बेडूक आणि पाली येतात, आणि त्यांच्या मागोमाग त्यांना खाणारा साप येतो. मण्यार तर उंदीर, पाली यांबरोबर इतर सापहि खातो. लांकडाच्या ढिगांत, गवताच्या उडवींत, गोठ्याच्या कोपऱ्यांत आणि गडग्याच्या दगडांमधील फटींत सापाला आयतें बीळ मिळतें. पावसाचें पाणी बिळांत शिरलें म्हणजे तो उंच, कोरडी जागा शोधूं लागतो. आणि जोत्यावर बांधलेल्या घराहून अधिक कोरडी जागा त्या दिवसांत आसपास दुसरी नसते.

सापाविषयींच्या पुष्कळशा समजुती त्याच्या शरीररचनेशीं पडताळून पाहिल्या कीं आपोआप गळून पडतात. त्याला बाह्य कान नाहींत. जमिनीची कंपनें त्याला चांगलीं समजतात. म्हणून पुंगीपुढें डोलणारा नाग सुरांना भुललेला नसून समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून सावधपणें आपलें अंग तोलीत असतो. तो जीभ सारखी बाहेर काढतो ती डंख मारण्यासाठीं नव्हे. त्या दुभंगलेल्या जिभेनें तो हवेंतील गंधकण टिपतो आणि टाळूंतील एका विशिष्ट इंद्रियाकडे पोंचवितो. दूध हा त्याचा आहारच नव्हे. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही समजूत फार जुनी आहे. परंतु मागें वळलेल्या अणकुचीदार दांतांच्या जबड्यानें आंचळ ओढलें तर गाय क्षणभरहि उभी राहणार नाहीं. डूख धरून वर्षांनंतर सूड घेण्याइतकी स्मरणशक्ति सापाच्या मेंदूंत नाहीं. त्याला डिवचलें, तुडविलें किंवा कोंडलें, तरच तो चावतो.

आतां तळ्याकांठच्या सापांकडे वळूं. तेथें सर्वांत अधिक दिसते ती दिवड. हिच्या पिंवळट किंवा मळकट अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन असतात, आणि डोळ्याखालून व डोळ्यामागून ओठाकडे जाणाऱ्या दोन काळ्या तिरप्या रेषा ही तिची ओळखीची खूण. बेडूक आणि मासे हें तिचें भक्ष्य. स्वभावानें ती तापट. डिवचली असतां मान चपटी करून अंग उचलते, आणि त्यामुळें तिला नाग समजून मारण्यांत येतें. ती चावते कडकडून; रक्तहि येतें; पण तिला विषाचे दांत नाहींत. तळ्याच्या बांधावर गवतांत सांपडणारी नानेटी याहून गरीब. हिच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन पिंवळसर पट्टे धांवत गेलेले असतात, आणि हातांत धरली तरी ती सहसा चावत नाहीं. धामण पांच-सहा हातांपर्यंत वाढते आणि तिच्या लांबीमुळें व चपळाईमुळें माणसाच्या उरांत धडकी भरते. परंतु तिला फणा नाहीं आणि विषहि नाहीं. उंदरांचा फडशा पाडून ती शेतकऱ्याचें जेवढें धान्य राखते, तेवढें घरांतलें मांजरहि राखीत नसेल.

तथापि येथें एक इशारा अवश्य आहे. पाण्यांतला प्रत्येक साप दिवडच असतो, असें समजणें ही उलट दिशेची चूक होय. सर्वच साप पोहूं शकतात, आणि बेडकांच्या लोभानें नागहि तळ्यावर येतो. यास्तव दिवडीला मारूं नये, हें जितकें खरें, तितकेंच कोणत्याहि सापाला ओळखल्याच्या भरंवशावर हात लावूं नये, हेंहि खरें.

घराच्या आंत ओळखीचा घोटाळा अधिक घातक ठरतो, कारण तेथें एक निरुपद्रवी आणि एक प्राणघातक असे दोन साप दिसावयास जवळजवळ सारखे आहेत. कवड्या हा कौलांतून, भिंतीच्या भेगांतून हिंडणारा पालींचा शत्रु. तपकिरी अंगाचा, आणि पांढरट आडव्या पट्ट्यांचा. हे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे फिकट होत जातात. मण्यार हा तकतकीत काळा किंवा निळसर काळा. त्याचेहि पट्टे पांढरे, पण बारीक आणि बहुधा जोडीजोडीनें असलेले; ते डोक्यामागें कांहीं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे अधिक ठळक होतात. मण्याराच्या पाठीच्या कण्यावरून षट्कोनी मोठ्या खवल्यांची एक ओळ जाते. कवड्याच्या पाठीवर ती नसते. दिवसाउजेडीं, शांतपणें पाहणाऱ्यास हा भेद कळतो. रात्रीं विजेरीच्या झोतांत, घाबरलेल्या माणसाला तो कळेल, अशी आशा बाळगूं नये.

मण्याराचा दंश हा सर्वांत फसवा. दिवसां हा साप सुस्त असतो. रात्रीं तो हिंडूं लागतो. जमिनीवर निजलेल्या माणसानें झोपेंत कूस बदलली, हात अंगावर पडला, कीं तो चावतो. त्याचे विषदंत लहान असल्यामुळें वेदना नाममात्र होतात; सूज येत नाहीं; दंशाची खूण पुष्कळदां दिसतहि नाहीं. कांहीं टोंचल्यासारखें वाटून माणूस मुंगी किंवा डांस म्हणून हात झटकतो आणि पुन्हां झोंपतो. पहांटे पोटांत कळा येऊं लागतात, मळमळतें. घरांतील माणसें अपचन समजून ओंवा आणि सुंठ देतात. मग पापण्या जड होऊन मिटूं लागतात, घशाखालीं घोट उतरेनासा होतो, आवाज बसतो, आणि अखेर श्वासाचे स्नायू निकामी होऊं लागतात. पावसाळ्याच्या दिवसांत जमिनीवर निजलेल्या धडधाकट माणसाच्या पोटांत पहांटे एकाएकीं दुखूं लागलें आणि त्याच्या पापण्या मिटूं लागल्या, तर अंगावर खूण असो वा नसो, मण्याराची शंका प्रथम घ्यावी. या एका जाणिवेनें माणूस वांचूं शकतो.

उरलेले तिघे आपली चाहूल बहुतेक वेळां देतात. नाग फणा काढतो आणि फुत्कारतो. त्याच्या दंशानें तेथें वेदना व सूज येते, आणि विषाचा परिणाम मज्जातंतूंवर झाल्यानें पापण्या व श्वास यांवर संकट ओढवतें. घोणस जाड, मंद, तपकिरी. हिच्या पाठीवर सांखळीच्या कड्यांसारख्या लांबट डागांच्या तीन रांगा असतात. तिला अजगराचें पिलूं समजून उचलण्याचा मूर्खपणा अनेकांच्या जिवाशीं आला आहे. डिवचली असतां ती लोहाराच्या भात्यासारखा मोठा आवाज करते, आणि तो आवाज ऐकून जो मागें सरतो तो बचावतो. फुरसें सर्वांत लहान, हातभर लांबीचें. कोंकणांतील कातळावर, सड्यावर, दगडांखालीं तें वेटोळें करून बसतें. अंगावरचे खरखरीत खवले एकमेकांवर घांसून करवतीसारखी करकर करतें, आणि विजेच्या वेगानें झेंपावतें. त्याच्या डोक्यावर बाणासारखी पांढरट खूण असते. घोणस आणि फुरसें यांच्या विषानें रक्ताची गोठण्याची शक्ति नष्ट होते. हिरड्यांतून, लघवींतून रक्त जाऊं लागतें, आणि घोणसीच्या विषानें मूत्रपिंडेंहि निकामी होतात. दवाखान्यांतील डॉक्टर साध्या कोरड्या कांचनळींत थोडें रक्त घेऊन २० मिनिटें स्थिर ठेवतात. तेवढ्या वेळांत रक्त गोठलें नाहीं, तर विष भिनलें असें समजतात. इतकी साधी ही परीक्षा आहे. पण ती करण्यासाठीं रोगी दवाखान्यांत वेळेवर पोंचावा लागतो.

आणि पुष्कळदां तो पोंचत नाहीं. दंश झाल्यावर पहिला तास घरच्या धांदलींत जातो, दुसरा मांत्रिकाच्या अंगणांत. मांत्रिकाचा लौकिक कशावर उभा राहतो, हें समजून घेण्यासारखें आहे. चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात. आणि विषारी साप चावला तरी दर वेळीं तो पुरेसें विष सोडतोच असें नाहीं. असे रोगी मंत्रानें काय किंवा मंत्राविना काय, बरे होणारच असतात. त्यांच्या बरें होण्याचें श्रेय मंत्राला मिळतें, आणि ज्यांना खरोखर विष भिनलें होतें त्यांच्या मृत्यूचा दोष दैवाला. अशा रीतीनें एक वांचलेला माणूस पुढच्या दहाजणांना चुकीच्या वाटेनें नेतो.

दंशानंतर करावयाच्या गोष्टी थोड्या आणि सोप्या आहेत. रोग्याला धीर द्यावा आणि चालूं-धांवूं देऊं नये. हालचालीनें विष लवकर पसरतें. हातापायांतील आंगठ्या, बांगड्या, जोडवीं, घड्याळ हीं सूज येण्यापूर्वींच काढून घ्यावीं. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी चावलेल्या हातापायाला फळी किंवा काठी लावून तो अवयव स्थिर करावा. दंशाची वेळ लक्षांत ठेवावी. आणि लगोलग ज्या सरकारी रुग्णालयांत प्रतिविष मिळतें तेथें न्यावें. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावितां येते. न करावयाच्या गोष्टी यांहून अधिक महत्त्वाच्या आहेत. दोरीनें करकचून आंवळूं नये. तसें केल्यानें रक्तप्रवाह थांबून हातपाय सडल्याचीं उदाहरणें आहेत. जखम चिरूं नये, तोंडानें चोखूं नये, तिच्यावर बर्फ, चुना किंवा पाला लावूं नये. सापाचा पाठलाग करण्यांत वेळ दवडूं नये. त्यांत दुसरा माणूस चावला जाण्याचाच संभव अधिक. साप बिनविषारी होता अशी घरच्यांची खात्री असली, तरी रोग्यास डॉक्टरांच्या देखरेखीखालीं निदान एक दिवस ठेवावें.

साप ओळखला नाहीं तरी उपचार अडत नाहीं, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चौघांवर मिळून एकच असतें. १८९४ सालीं फ्रेंच वैद्य आल्बेर काल्मेत यांनीं नागाच्या विषावरील असें औषध जगापुढें मांडलें. विषाची अगदीं अल्प मात्रा प्राण्याला टोंचावी, ती हळूहळू वाढवीत न्यावी, आणि त्याच्या रक्तांत निर्माण झालेलीं विषविरोधी द्रव्यें माणसासाठीं वापरावीं, असें त्याचें तत्त्व. आजहि घोड्यांच्या रक्तापासून याच तत्त्वानें तें तयार होतें, आणि मुंबईंतील परळच्या हाफकिन संस्थेचें नांव या कामाशीं दीर्घकाळ निगडित आहे. औषधासाठीं लागणारें विष मुख्यतः चेन्नईजवळील इरुळा जमातीच्या सर्पधारकांच्या, १९७८ सालीं स्थापन झालेल्या, सहकारी संस्थेकडून येतें. ज्यांचे पूर्वज सापांच्या कातड्यांसाठीं साप धरीत, तेच आज विष काढून सापांना पुन्हां रानांत सोडतात. या औषधाच्या कांहीं मर्यादाहि आहेत. त्यानें रोग्यास तीव्र वावडें येऊं शकतें, म्हणून तें रुग्णालयांतच द्यावें लागतें. आणि मण्याराचें विष मज्जातंतूंच्या टोकांवर एकदां पकड घेऊन बसलें, कीं प्रतिविषानें ती पकड सहज सुटत नाहीं. मग रोग्याला कित्येक दिवस यंत्रानें श्वास पुरवावा लागतो. वेळेचें मोल येथें कळतें.

सर्पदंश हा गरिबाचा आणि शेतकऱ्याचा रोग. म्हणूनच कीं काय, त्याकडे फार काळ दुर्लक्ष झालें. २०१७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्याचा उपेक्षित रोगांत समावेश केला, आणि २०२४ सालीं भारत सरकारनें २०३० पर्यंत या मृत्यूंची संख्या निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना जाहीर केली.

साप मारून हा प्रश्न सुटेल काय? हा प्रयोग कोंकणांतच होऊन गेला आहे. एकोणिसाव्या शतकांत रत्नागिरी जिल्ह्यांत इंग्रज सरकारनें फुरशांवर बक्षीस लावलें होतें. लोकांनीं लाखोंच्या संख्येनें फुरशीं मारून आणलीं आणि बक्षिसें नेलीं. तरीहि रत्नागिरीच्या कातळावर फुरसें आजहि आहेच. कारण दगड आहे, भक्ष्य आहे, तोंवर साप येणारच. आतां तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सापांना संरक्षण दिलें आहे. घरांत साप आलाच तर वनखात्यास किंवा जाणत्या सर्पमित्रास बोलावणें हा योग्य मार्ग होय.

परंतु खरा उपाय घरच्या माणसांच्याच हातीं आहे, आणि त्याला पैसा फारसा लागत नाहीं. जमिनीवर न निजतां खाटेवर निजावें. आणि जमिनीवर निजणें भागच असेल, तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखालीं चहूंकडून नीट खोंचाव्या. मण्याराविरुद्ध याहून उत्तम कवच नाहीं. लांकडें, गोंवऱ्या, पेंढा यांचे ढीग घराच्या भिंतीला लागून रचूं नयेत. धान्य झांकून ठेवावें, भिंतीच्या भेगा आणि मोरीचीं तोंडें बुजवावीं किंवा जाळीनें बंद करावीं, अंगणाभोंवतालचें गवत काढावें. रात्रीं बाहेर पडतांना विजेरी आणि पायांत जोडे हवेत. लांकूड उचलतांना, गवत कापतांना, दगड हलवितांना आधीं काठीनें चाळवावें, मग हात घालावा. बिळांत किंवा फटींत बोटें घालूं नयेत, हें मुलांना पाढ्यांबरोबर शिकवावें.

एवढी काळजी घेतलेल्या घरांतून मूल तळ्यावर गेलें आणि त्याला पाण्यांत दिवड दिसली, तर त्याच्या आजोबांनीं काठी शोधण्याचें कारण उरत नाहीं. त्यांनीं नातवाचा हात धरून चार पावलें दूर उभें राहावें आणि त्या डोळ्यामागच्या दोन काळ्या रेषा त्याला दाखवाव्या. दिवड बेडूक पकडील आणि निघून जाईल. मग संध्याकाळीं परत आल्यावर त्याच आजोबांनीं, दिवा मालविण्यापूर्वीं, नातवाच्या मच्छरदाणीची कड एकदां स्वतः चांचपून पाहावी.